त्या जागेवर नाहीत

सकाळी साडेसातला मी फुनाबोरी स्टेशनच्या फलाटावर उभी असते, तेव्हा लंडनमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तिकडचे मंत्री दिवसभर बोलून झोपायला गेलेले असतात आणि ते काय बोलले हे वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. एका ब्रिटिश सल्लागार कंपनीच्या टोकियोतल्या छोट्याशा शाखेत मी काम करते. ज्या जपानी कंपन्यांचे कारखाने किंवा गोदामं ब्रिटनमध्ये आहेत, त्यांना आम्ही दर आठवड्याला दोन पानांचं टिपण पाठवतो. तिकडे राजकारणात काय चाललंय, बाजार कसा आहे, कुठे कपात होणार, कुठे कर वाढणार. मी ते इंग्रजीत लिहायचं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याचं जपानी करायचं, अशी साडेचार वर्षांची वहिवाट होती.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. ऑफिसात मी त्यांना आडनावापुढे सान लावूनच हाक मारायचे, पण मनात त्या बाईच होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, चष्म्याला साखळी, हातात कायम शिसपेन्सिल. इचिकावाहून यायच्या. घरी ऐंशी उलटलेली आई आणि त्या, दोघीच. नोकरी कायमची नव्हती. सहा-सहा महिन्यांचा करार, तो दर मार्चला आणि सप्टेंबरला पुढे वाढवला जायचा. इथे असा कायदा आहे की असे करार पाच वर्षांपलीकडे गेले की माणूस मला कायम करा म्हणू शकतो. हा कायदा मला बाईंनी सांगितला नव्हता, तो मी नंतर शोधून वाचला.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फोन उचलायला शिकवलं. एखाद्यासाठी फोन आला आणि तो माणूस नसला, तर तो कुठे गेलाय हे कधीही सांगायचं नाही. संडासात असो, दातांच्या डॉक्टरकडे असो, की खाली सिगरेट ओढत असो, वाक्य एकच: सेकि ओ हाझुशिते ओरिमासु. म्हणजे, त्या जागेवर नाहीत. हे त्यांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, शेवटच्या शब्दापाशी मान किती वाकवायची तेसुद्धा दाखवलं. फोनवर मान कोण बघणार आहे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की आवाजात कळतं.

आणि त्यांचा एक प्रश्न होता, जो मला आधी फार छळायचा. माझं इंग्रजी टिपण हातात घेऊन त्या यायच्या, एखाद्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, "दारे?" म्हणजे कोण? मी लिहिलेलं असायचं की अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करण्यात आले. कोणी केले? नगरपालिकांचा निधी कमी झाला. आपोआप? कोणी कमी केला? मी म्हणायचे, अहो, तिकडच्या सरकारी कागदात असंच असतं. त्या म्हणायच्या की इकडच्यातही असतं, म्हणूनच विचारते. मला हसू यायचं, कारण आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की सदर योजना बंद करण्यात आली आहे.' कळवणाराही नाही आणि बंद करणाराही नाही. सगळं सरकार भुतं चालवतात जणू.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये मंदी होती. म्हणजे होती की नव्हती, यावरच तिकडे दोन महिने खल चालला. लागोपाठ दोन तिमाह्या अर्थव्यवस्था आकसली तर मंदी म्हणायची असा एक दंडक आहे, आणि तसं झाल्यावरही तज्ज्ञ म्हणू लागले की ही फक्त टेक्निकल मंदी आहे. तांत्रिक मंदी. मराठीत हा शब्द आला की मला लिंबू, हळदकुंकू आणि कवटी मांडून बसलेला बुवा दिसतो. तो बुवाही निदान समोरच्याकडे बघून बोलतो. तिकडे आठवड्याचं सामान भरताना काय काय परत फळीवर ठेवायचं हे ठरवणाऱ्या बाईला सांगत होते की तुझी अडचण तांत्रिक आहे.

मला राग येण्याचं कारण नुसतं वाचन नव्हतं. जपानला येण्याआधी नवऱ्याची पोस्टिंग इंग्लंडात होती. लंडनहून दीड तासावरच्या एका गावात आम्ही तीन वर्षं राहिलो. मला नोकरीची परवानगी असूनही नोकरी मिळत नव्हती, मुलगी लहान होती, म्हणून मी गावातल्या नगरपालिकेच्या वाचनालयात मंगळवार-गुरुवार मदतीला जायला लागले. वाचनालय म्हणजे पुस्तकं, असं मला वाटायचं. तिथे निम्मी माणसं रेडिएटरजवळ बसायला यायची, कारण घरात हीटर लावणं परवडत नव्हतं. उरलेली कंप्युटरवर भत्त्याचे अर्ज भरायला यायची, कारण अर्ज कागदावर घेणं बंद करण्यात आलं होतं. मी ते अर्ज भरून द्यायचे. दम लागून दोन वाक्यं पुरी न करू शकणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी विचारलंय, न थांबता तुम्ही किती पावलं चालू शकता? त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, कुठल्या दिवशी? त्यासाठी अर्जात चौकोन नव्हता.

अशा माणसांच्या देशात अर्थमंत्री टीव्हीवर यायचे आणि म्हणायचे की देश म्हणजे एक घर आहे, कमाई कमी झाली की घर काटकसर करतं. तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काटकसर मला माहीत आहे. माझी आई करायची. दूध कमी पडलं तर ती स्वतः कोरा चहा प्यायची आणि आम्हाला कळूही द्यायची नाही. काटकसर म्हणजे घरातल्या धडधाकट माणसाने आधी स्वतःचं ताट आखडणं. हे लोक घरातल्या आजाऱ्याच्या ताटातली भाकरी काढतात आणि त्याला काटकसर म्हणतात. पाणी पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या नद्यांत घाण सोडून भागधारकांना नफ्याचं वाटप करत राहिल्या, घरमालकांचं भाडं एकदाही खाली आलं नाही, बँका बुडायला लागल्या तेव्हा तिजोरी रातोरात उघडली होती. तेव्हा कुणाला घर आठवलं नाही.

हे सगळं मी टिपणात लिहू शकत नसे. टिपणात मी लिहायचे, 'परिणाम मर्यादित राहण्याची शक्यता.' पगार त्याचाच मिळायचा. नवरा म्हणायचा, तू ब्रिटनचं वाचून वाचून चिडकी झालीयेस. मी म्हणायचे, तू बँकेत आहेस म्हणून शांत आहेस.

जूनमध्ये आमच्या साहेबांनी मला खाली कॉफी प्यायला नेलं. साहेब जपानी, पण लंडनला आठ वर्षं काढलेले, चांगलं इंग्रजी बोलणारे, लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी आत जाऊ देणारे. माणूस वाईट नाही, असं मी त्यांच्याबद्दल घरी सांगायचे. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, मुलीची शाळा, गावाकडचा उन्हाळा. मग म्हणाले की हल्ली मशीन फार चांगलं जपानी करतं. समजा टिपणाचं जपानी मशीनने केलं, तर ते तपासायला तुम्हाला जमेल का?

आता मला खरं म्हणजे तितकं जपानी येत नाही. वॉर्ड ऑफिसच्या फुकटच्या वर्गात शिकलेलं, भाजी आणायला आणि शाळेची पत्रकं वाचायला पुरेल एवढं. पण साहेबाने 'जमेल का' विचारलं की आपल्या तोंडातून काय निघतं? मुंबईच्या ऑफिसात अकरा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडातून एकच निघतं. मी मान हलवून म्हटलं, नो प्रॉब्लेम, होऊन जाईल. आपल्या भाषेत याचा अर्थ असा, की बघू, वेळ आली की कुणाला तरी विचारू, आत्ता तुमचं मन कशाला मोडा. साहेबांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपून घेतलं. मी कॉफीबरोबर चीजकेकही खाल्ला.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी मी झेरॉक्स काढत होते. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कागद बाहेर येताना बघत, हसून, हळू आवाजात म्हणाल्या की त्यांना काता-ताताकी झाली.

काता म्हणजे खांदा हे मला माहीत होतं. ताताकी म्हणजे थापटणं. माझी मुलगी चौथीत असताना मातृदिनाला तिने मला कुपनं करून दिली होती, रंगीत कागदावर, दहा कुपनं. एक कुपन दिलं की ती माझे खांदे पाच मिनिटं थापटून देणार. त्यावरही हेच लिहिलेलं होतं. म्हणजे साहेबांनी बाईंच्या खांद्यावर थाप मारली असणार. आपल्याकडे पाठ थोपटतात, इकडे खांदा थोपटत असतील. चार-साडेचार वर्षं मान मोडून काम केलं, कुणीतरी शाबासकी दिली, शिवाय बाई हसत होत्या. मला इतका आनंद झाला, की मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि जपानीत अभिनंदन म्हटलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान वाकवून धन्यवाद म्हणाल्या आणि आपले कागद घेऊन गेल्या.

माझी अक्कल तिथेच थांबली असती तरी बरं झालं असतं. गणपतीचे दिवस होते. घरी बेसनाचे लाडू केलेले होते. सोमवारी मी डबा भरून ऑफिसात नेला, जेवणाच्या सुट्टीआधी मधोमध उभी राहिले आणि पाठ करून आणलेलं जपानी वाक्य मोठ्याने म्हटलं, की बाईंना काता-ताताकी झाली, त्या आनंदात हे आमच्याकडचं गोड. आणि प्रत्येकाच्या टेबलावर कागदी रुमालात एकेक लाडू ठेवत गेले. सगळ्यांनी आभार मानले. कुणीही मान वर केली नाही. मला वाटलं, लाजतात. साहेबांनी लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले की फार गोड आहे. बाई उठून उभ्या राहिल्या, सगळ्यांसमोर मला वाकून नमस्कार केला आणि आपला लाडू रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी स्वयंपाक करताना मी हे कौतुकाने मुलीला सांगितलं. ती आता तेरा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते. तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"आई, ते शाबासकी नसतं," ती म्हणाली. त्या दिवशी तिने चक्क मराठीत सांगितलं. "ते म्हणजे, आता तुम्ही जा. म्हणजे सगळ्यांसमोर नाही सांगत. हळूच मागून येऊन खांद्यावर असं करतात, आणि मग त्या माणसाने स्वतःच जायचं."

मी गॅस बंद केला. भाजी कच्चीच राहिली, नवऱ्याने नंतर पुरी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना बाहेर घेऊन गेले. ऑफिसच्या मागे एक कालवा आहे, तिथल्या बाकावर आम्ही कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेले भाताचे त्रिकोण घेऊन बसलो. मी जेवढी येतात तेवढी माफीची सगळी वाक्यं म्हटली. त्या हात हलवून नको नको म्हणत होत्या. सप्टेंबरअखेर करार संपतोय, पुढे वाढणार नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. कारण लंडनच्या मुख्य ऑफिसने सगळ्या शाखांना खर्च आटोक्यात आणायला सांगितलंय. कारण ब्रिटनमध्ये मंदी आहे. जी मंदी मी दर आठवड्याला टिपणात लिहीत होते, 'परिणाम मर्यादित' म्हणून, ती माझ्या शेजारच्या टेबलापर्यंत आली होती आणि ते टिपण जपानीत करणाऱ्या बाईंनी ते वाक्य स्वतःच्या हाताने दर आठवड्याला लिहिलं होतं. मी म्हटलं, आणखी सहा-आठ महिने थांबले असते तर तुमची पाच वर्षं उलटली असती, म्हणूनच आत्ता काढलं. त्या म्हणाल्या की तसंही असेल.

मग त्यांनी भाताच्या त्रिकोणाच्या प्लास्टिकच्या कागदाची नीट घडी केली, कचरा वेगळा करायची सवय, आणि म्हणाल्या, "लाडू मी घरी नेला. आईने विचारलं, कसला आनंद? मी म्हटलं, मला बढती मिळाली."

त्या म्हणाल्या की आई फार खूश झाली. इतक्या वर्षांत मुलीबद्दल ऑफिसात कुणी गोड वाटलं नव्हतं. आता महिन्याअखेरीला तिला काय सांगायचं, ते बघू.

म्हणजे माझ्यामुळे त्यांचा नुसता अपमान झाला नव्हता. घरी जाऊन खरं सांगायची जी एक वाट होती, तीही मी लाडवाने बुजवून ठेवली होती. माझा राग त्या दुपारी आधी स्वतःवर होता आणि मग तो जिना चढून वर गेला, साहेबांच्या खोलीपर्यंत.

साहेबांना मी सरळ सांगितलं की हे चूक आहे, बाईंशिवाय टिपण निघूच शकत नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी ती छोटी वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"जूनमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात, नो प्रॉब्लेम."

तिथे माझ्या नावापुढे सान लावून, सुंदर अक्षरात, माझं वाक्य लिहिलेलं होतं. मी म्हटलं की मला जमत नाही. ते मी सवयीने म्हटलं, आमच्याकडे तसं म्हणतात. माझं जपानी भाजी घेण्यापुरतं आहे, लिहून घ्या. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. लंडनला कळवून झालं आहे, म्हणाले, आणि तुम्ही नम्रपणा करताय. वर हेही म्हणाले की तुम्हाला जर खरंच जमत नसेल, तर मला दोन्ही टेबलांचा विचार करावा लागेल. मी तिथे तोंड मिटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मिटलं. घराचं भाडं नवऱ्याच्या बँकेकडून येतं, माझ्या पगारावर आमची चूल अडलेली नव्हती, तरीही मी मूग गिळून खोलीबाहेर आले.

जिन्यातून उतरताना मला ते इंग्लंडातलं वाचनालय आठवलं. मी मंगळवार-गुरुवार जायला लागल्यावर सहा महिन्यांनी तिथल्या पगारी ग्रंथपाल बाईंची जागा कमी करण्यात आली. नगरपालिकेच्या पत्रात होतं की स्थानिक स्वयंसेवकांच्या उत्साहामुळे हे शक्य झालं. मी ते पत्र तेव्हा नवऱ्याला अभिमानाने दाखवलं होतं. उत्साह म्हणजे मी. आणखी वर्षाने वाचनालयच बंद झालं, तेव्हा मी फाटकाशी उभी राहून पुढाऱ्यांना शिव्या घातल्या. शिव्या खऱ्याच होत्या, त्यातली एकही मी मागे घेणार नाही. पण फुकट काम करते म्हणून हात वर करणारी बाई त्या पत्रात होती, आणि मी वाचताना ती वगळली होती.

सप्टेंबरच्या मध्याला बाईंनी एक जड पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवली. आत खोका, खोक्यात नाशी, म्हणजे इकडचे सफरचंदासारखे गोल नासपती, इचिकावाच्या बागेतले. खोक्यावर पांढरा कागद, त्यावर लाल-सोनेरी दोऱ्याची छापील गाठ आणि म्हाताऱ्या हाताने ब्रशने लिहिलेलं आडनाव. कुणी आपल्या घरच्या आनंदात सहभागी झालं, तर त्याला परत भेट द्यायची अशी इथे रीत आहे. बाईंच्या आईने मुलीच्या बढतीबद्दल मला पाठवली होती. घेतलीच पाहिजे, बाई म्हणाल्या, नाहीतर ती विचारेल. घरी नेऊन मी ते नासपती सोलले. पाणीदार, थंड, अतिशय गोड. मुलीने तीन खाल्ले. मी एक खाल्ला, तो मला गिळवत नव्हता, तरी खाल्ला, कारण उद्या बाईंना चव सांगायची होती.

बाईंचं शेवटचं टिपण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघालं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांचं भाषण झालं होतं. अवघड निर्णय घ्यावे लागतील, सगळ्यांना झळ सोसावी लागेल, खात्यांतली पदं कमी होतील, भत्त्यांचा आढावा घेतला जाईल. मी पहिल्यांदाच प्रत्येक वाक्याला कर्ता लावला. सरकारने आजाऱ्यांचे पैसे कापायचं ठरवलं आहे. सरकारने श्रीमंतांच्या मिळकतीला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. मंत्री स्वतः कुठलीही झळ सोसणार नाहीत. बाईंनी कागद घेतला, पेन्सिल हातात धरून शेवटपर्यंत वाचला. एकाही वाक्याखाली रेघ ओढली नाही. त्यांनी त्याचं जपानी केलं, आणि पदं कमी होतील या जागी चार अक्षरांचा सभ्य सरकारी शब्द न घालता काता-ताताकी लिहिलं. ते मला वाचता आलं. आता तो शब्द मला कुठेही वाचता येतो.

साहेबांनी दोन्ही पानं परत पाठवली. ग्राहकांना आपलं मत नको असतं, म्हणाले, तटस्थ करा. मी केलं नाही. मग त्यांनी स्वतःच इंग्रजी बदललं, मशीनमधून जपानी काढलं आणि संध्याकाळी पाचला पाठवून दिलं. निकष बदलण्यात येत आहेत. पदसंख्या समायोजित करण्यात येईल. परिणाम मर्यादित राहतील. एकाही ग्राहकाने काही विचारलं नाही. मशीनला 'कोण' असा प्रश्न पडत नाही, म्हणूनच ते स्वस्त असतं.

तीस तारखेला बाईंना पुष्पगुच्छ दिला. इथे अशा जाण्याला सोत्सुग्यो म्हणतात, म्हणजे शाळा पास होऊन बाहेर पडणं. साहेबांनी तो शब्द वापरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले. बाईंनी जाण्याआधी एक फाइल नीट लावून दिली होती, ब्रिटनमधल्या खात्यांची, पदांची, भत्त्यांची नावं आणि त्यांचे योग्य जपानी शब्द, म्हणजे त्यांच्यामागे गोंधळ होऊ नये. मला त्यांचाही राग आला. निदान ही फाइल तरी घेऊन जायची, फाडून कालव्यात टाकायची. पण त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, कोपरे जुळवून, आणि पुष्पगुच्छ उलटा धरून, फुलं खाली करून, लिफ्टकडे गेल्या. आईला दिसू नये म्हणून तो त्या स्टेशनवरच टाकणार होत्या, हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं.

एक ऑक्टोबरला मी नेहमीच्या वेळी ऑफिसात आले. लंडनच्या बातम्या उघडल्या. शेजारचं टेबल पुसून ठेवलेलं होतं. साडेनऊच्या सुमारास त्यावरचा फोन वाजला आणि आता तो उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, सावकाश, खूप अदबीचा. तिने आपलं आडनाव सांगितलं, तेच ब्रशने लिहिलेलं. म्हणाली, कामात व्यत्यय आणते, माफ करा, पण मुलगी सकाळी नेहमीसारखी कामावर निघाली आणि मोबाइल घरीच विसरली. नवीन जबाबदारी आहे ना, घाईत असते. तिला तेवढं सांगाल का, की फोन हरवला नाही, टेबलावर आहे?

सकाळी नेहमीसारखी निघाली. नेहमीचीच गाडी धरली असणार. कुठे गेली असेल, कुठल्या स्टेशनवर, कुठल्या बाकावर संध्याकाळ व्हायची वाट बघत बसली असेल, ते मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडात सगळी वाक्यं कर्त्यासकट तयार होती. कोणी काढलं, कोणी वहीत लिहिलं, कोणी होऊन जाईल म्हटलं. गेला महिनाभर मी तीच घोकत होते.

मी उभी राहिले. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, बाईंनी शिकवली होती तेवढीच, मान वाकवली.

"त्या जागेवर नाहीत," मी म्हटलं. "आल्या की सांगते."

म्हातारीने आभार मानले. मग ठेवता ठेवता, परक्या उच्चारांवरून मला ओळखून, तिने विचारलं, नासपती गोड निघाले का?

मी म्हटलं, हो, खूप गोड होते.